कात, तूप आणि चिकटपट्टी

बंगळूर

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण माझा उजवा गुडघा. वीस-बावीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढल्या-उतरल्याचा हिशोब गुडघा कधीतरी मागतोच. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके वेळेवर निघाले. पण ड्रेसिंग धरून ठेवणारी चिकटपट्टी काढली, तर तिच्याखाली फुटपट्टीने आखल्यासारखा लालभडक चौकोन उमटलेला. त्यावर बारीक पाणीदार पुरळ, आणि खाज अशी की रात्री दोन वाजता उठून बसायचो. जखम आठवड्यात विसरलो, हा चौकोन मात्र तीन आठवडे सोबतीला होता.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आधी नखं काप. आणि खोबरेल लाव." चाळिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याला आई अजून नखं कापायला सांगते, आणि तिचं बरोबर निघतं.

काठी घेऊन चालायची परवानगी मिळाल्यावर पहिल्या रविवारी बंगळूरचा किल्ला बघायला गेलो. के. आर. मार्केटच्या गोंगाटात किल्ल्याचा जेवढा तुकडा उरलाय त्यात दिल्ली दरवाजा आहे. जवळच्या तटाला एक दगडी पाटी बसवलेली आहे. २१ मार्च १७९१ रोजी ज्या खिंडारातून इंग्रजांनी हल्ला केला ती जागा ही, एवढंच त्या पाटीवर आहे. मी पाटी वाचत होतो आणि हात आपोआप गुडघ्याकडे जात होता. घरी येऊन त्या लढाईचं वाचायला बसलो आणि वाचता वाचता थेट माझ्या चिकटपट्टीपाशी येऊन पोचलो. आजची गोष्ट त्याचीच.

बैलांवर चाललेली लढाई

तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध १७९० ते १७९२ असं चाललं. एका बाजूला टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकार, निजाम आणि पेशवे. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने आधी बंगळूरची पेठ घेतली आणि दोन आठवड्यांनी किल्ला. तिथून तो श्रीरंगपट्टणावर निघाला. मे महिन्यात लढाई जिंकून तो राजधानीच्या दाराशी पोचला, आणि तिथून त्याला मागे फिरावं लागलं. कारण काय, तर बैल.

तोफा, दारूगोळा, तांदूळ, तंबू, सगळं बैलांवर. पाऊस लागला, चारा संपला, रोगराई आली आणि बैल हजारोंनी मेले. वेढ्याच्या अवजड तोफा ओढायला जनावर उरलं नाही, म्हणून कॉर्नवॉलिसने त्या स्वतःच फोडून निकामी केल्या आणि उपाशी फौज घेऊन माघार घेतली. वाटेत मेच्या अखेरीस समोरून घोडदळ येताना दिसलं. ते टिपूचं नव्हतं, आपलं होतं. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज, आणि तिच्याबरोबरचा भरलेला बाजार. इंग्रज फौजेने त्या दिवशी मराठ्यांच्या बाजारातून धान्य विकत घेऊन पोट भरलं.

बंगळूरमध्ये आर्मी सर्व्हिस कोअरचं केंद्र आहे. पुरवठा आणि वाहतूक बघणारे तिथले मित्र मला नेहमी ऐकवतात, "तुम्ही लढा, पण आमच्याशिवाय सकाळचा चहासुद्धा नाही." १७९१ चा मे महिना वाचल्यावर मी वाद घालणं सोडून दिलं.

तर या बैलांमागे चालणारी माणसं होती. पगार थोडा, हातात काठी, अंगावर ना गणवेश ना हत्यार. शत्रूला मात्र ती नेमकी ठाऊक असायची. बैल हाकणारा माणूस पकडला की तोफ जागच्या जागी थांबते.

कावसजी

अशाच एका बैल हाकणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये बी. एल. अशा सहीचं एक पत्र छापून आलं. पत्रातला माणूस म्हणजे कावसजी. नाव वाचून पारशी वाटतो, पण पत्रात त्याचं वर्णन शेतकरी जातीतला मराठा असं आहे. आपण कुणबी म्हणू. १७९२ च्या युद्धात तो इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला.

निवृत्त वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पत्र छापलं गेलं तेव्हा कावसजी कंपनी सरकारचा पेन्शनर होता. बैल हाकणाऱ्याला डिसॅबिलिटी पेन्शन, आणि तेही १७९४ मध्ये! आपल्यातल्या ज्यांच्या फायली अजून टेबलांवर फिरतायत त्यांनी हसावं की रडावं ते स्वतः ठरवावं.

वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. आपल्याकडे नाक कापणं ही नुसती जखम नसते. नाक म्हणजे अब्रू, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मग पुण्याजवळ त्याला नवीन नाक बसवण्यात आलं. बसवणारा कोणी वैद्यराज नव्हता, दरबारातला हकीमही नव्हता. पत्रात लिहिलंय, वीटा पाडणाऱ्या जातीचा माणूस. म्हणजे आपला कुंभार.

मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. क्रुसो पुण्याच्या रेसिडेन्सीत, चार्ल्स मॅलेटच्या हाताखाली डॉक्टर होता. कावसजीचं चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढलं. सवाई माधवरावांचं आणि नाना फडणीसांचं चित्र काढणारा वेल्स तो हाच. ज्या हाताने पेशव्याचं चित्र रंगवलं त्याच हाताने एका बैल हाकणाऱ्याचंही रंगवलं, हे मला फार आवडलं.

कुंभाराने काय केलं

शस्त्रक्रिया थोडक्यात अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. ती रक्तपुरवठ्याची वाट. मग थोट्याची जुनी कड खरवडून ताजी करायची, बाजूने चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली जोडपट्टी कापायची.

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा भाग सगळे सांगतात. माझं लक्ष मात्र पुढच्या तीन-चार ओळींनी धरून ठेवलं, कारण मांडीवर चौकोन खाजत होता.

बसवलेली कातडी धरून ठेवायची कशाने? टाके नाहीत. कुंभाराने कात पाण्यात मऊ केला, तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवल्या. चार दिवस एवढंच, दुसरं काही नाही. चौथ्या दिवसानंतर त्या पट्ट्या काढल्या आणि तुपात भिजवलेली कापडं लावली. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे.

इंग्रजांनी काताला टेरा जपोनिका, म्हणजे जपानची माती, असं नाव दिलेलं. तो माती नाही आणि जपानचा तर नाहीच. खैराच्या लाकडाचा लाल गाभा तासून त्याच्या ढलप्या उकळायच्या, काढा आटवायचा, घट्ट झाला की वड्या पाडायच्या. कोकणात हा उद्योग पिढ्यान् पिढ्या चालला. कातकरी समाजाचं नावच त्यावरून पडलं. आजीच्या पानाच्या डब्यात चुन्याच्या शेजारी असायचा तो हाच कात. जिभेवर ठेवला की तोंड आवळतं, ते त्यातल्या टॅनिनमुळे. तेच टॅनिन जखमेची कड आवळतं, झिरपणारं पाणी थांबवतं. आणि कापडावर वाळला की कात कडक होतो. म्हणजे एकाच वस्तूत गोंद, स्तंभक औषध आणि नाकाला आधार देणारी खपची, असं तीन्ही मिळालं.

आणि ही चिकटपट्टी काढता येण्यासारखी होती. कात पाण्याने मऊ केला होता, तो पाण्यानेच पुन्हा सैल होतो. ओरबाडायची गरज नाही. काढल्यावर लगेच तूप. तुपाचं कापड नवीन कातडीला चिकटत नाही, आवळून सुकलेली कड मऊ करतं, आणि पुढची पट्टी बदलताना आधीची मेहनत उपटून काढत नाही. पट्टी कधी लावायची, कधी काढायची आणि काढल्यावर खालच्या कातडीचं काय करायचं, हे त्या कुंभाराच्या डोक्यात एकाच वेळी होतं.

सुश्रुतसंहितेत याच कामाची वेगळी तऱ्हा आहे. तिथे नाकासाठी कातडी गालाची घेतलेली आहे. जोडणी झाल्यावर रक्तवर्णी पतंगाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन यांची पूड भुरभुरवायची, वर पांढरा कापूस ठेवायचा आणि त्यावर तिळाचं तेल पुन्हा पुन्हा शिंपडायचं. पट्ट्या बांधण्याचे चौदा प्रकार सुश्रुताने दिलेत, पट्टी कुठे घट्ट बांधावी, कुठे मध्यम आणि कुठे सैल, हेही दिलंय. कुठली जखम बांधूच नये याचीही यादी आहे. पोथी आणि कुंभार यांची हत्यारं वेगळी, पण एका बाबतीत दोघांचं एकमत: ओल्या कातडीवर कोरडी पट्टी चिकटू द्यायची नाही, मध्ये स्नेह हवा. तेलातुपाला संस्कृतात आणि मराठीतही 'स्नेह' म्हणतात, हे उगाच नाही.

लंडन, आणि पुढचा गोंद

जोसेफ कार्प्यू नावाचा लंडनचा सर्जन या पत्राच्या मागे लागला. बरीच वर्षं त्याने रुग्णाची वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं. त्याचे दोन्ही रुग्ण लष्करी अधिकारी. दुसरा मॅथ्यू लॅथम. १८११ मध्ये स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत तो पलटणीचं निशाण धरून उभा होता. फ्रेंच घोडेस्वारांनी त्याचा चेहरा आणि नाक कापलं, एक हात गेला, तरी त्याने निशाण अंगरख्यात लपवून वाचवलं. कावसजीचंही नाक आणि हात. एक निशाण धरणारा, एक बैल हाकणारा. दोघांच्या चेहऱ्याला पुण्याच्या कुंभाराचं कसब लागलं, एकाला थेट आणि दुसऱ्याला सातासमुद्रापार.

कातडी वळवण्याची युक्ती युरोपने घेतली. कात-तुपाची घेतली नाही. त्यांच्याकडे स्वतःची चिकटपट्टी होती. मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड, ऑलिव्हच्या तेलात शिजवून केलेला लेप कापडावर पसरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत त्यात रबर आलं. रबर चिकटतं, पण त्याला अजून चिकट करायला पाइनच्या झाडाची राळ घालावी लागायची. आता पट्टी घट्ट बसू लागली आणि कातडी तक्रार करू लागली. राळेची ॲलर्जी हे आजही पट्टीखालच्या पुरळाचं एक ठरलेलं कारण आहे.

पुढची शंभर वर्षं गोंद बनवणारे एका अर्थी कातडीची माफीच मागत होते. हॅम्बुर्गच्या पॉल बायर्सडॉर्फने १८८२ मध्ये औषधी पट्टीचं पेटंट घेतलं. त्याच कंपनीने १८९६ मध्ये एक पट्टी बनवली, ती इतकी चिकट निघाली की कातडी सोलवटायची. टाकून कशाला द्यायची, म्हणून त्यांनी ती सायकलच्या टायरचं पंक्चर बंद करायला विकली! १८९९ मध्ये अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने आणि १९०१ मध्ये हॅम्बुर्गच्या त्याच बायर्सडॉर्फ कंपनीने ल्यूकोप्लास्ट या नावाने झिंक ऑक्साइड घातलेली पट्टी आणली. झिंक ऑक्साइड कातडीला शांत करतं. लहान मुलांच्या पुरळाच्या मलमात असतं, कॅलामाइनमध्ये असतं. आपल्या एमआय रूममध्ये कापडी पाठीची जी पांढरी पट्टी कात्रीने कापतात, ती याच घराण्यातली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ओग्युस्त ल्युमिएरने जाळीदार कापडाला पॅराफिनसारखा स्निग्ध लेप देऊन भाजलेल्या जखमांसाठी ड्रेसिंग बनवलं. हाच ल्युमिएर सिनेमावाला. ज्या भावांचा सिनेमा ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला, त्यांतला थोरला. त्याचं ड्रेसिंग आजही लष्करी इस्पितळांत पॅराफिन गॉज म्हणून वापरतात. मी ते हातात घेऊन पाहिलं. बोटाला लागलं, चमकलं. कुंभाराचं तुपाचं कापडच की हे.

एक जुना हिशोब

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

एनडीएत खडकवासल्याला कॅम्प ग्रीनहॉर्नमध्ये टाचांना पहिल्यांदा फोड आले. सीनियर्सनी शिकवलं: वर पट्टी मार, पळ, आणि काढताना एका झटक्यात काढ, कळतसुद्धा नाही. अठराव्या वर्षी झटक्यात काढायला मजा वाटते. ते ज्ञान मी पलटणीत घेऊन गेलो.

कॅप्टन असताना एका स्पर्धेच्या आधी चाळीस किलोमीटरचा मार्च झाला. मार्चनंतर पायांची तपासणी करत होतो. साताऱ्याकडचा एक जवान, माझ्या कंपनीतला सगळ्यात चांगला धावणारा. त्याच्या टाचेवरची पट्टी दिवसभर घामाने भिजून आत घट्ट रुतली होती. तो म्हणाला, "साहेब, जरा कोमट पाण्यात पाय बुडवतो, मग निघंल."

मी म्हणालो, "अरे, असं लाड करशील तर कसं होणार?" आणि झटक्यात ओढली.

पट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी आली. तो काही बोलला नाही. दोन दिवसांत टाच पिकली. पंधरा दिवसांनी त्याच्या कॅडरची धावण्याची परीक्षा होती, ती हुकली. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण वर्ष गेलं ते गेलं. नाईकाची फीत वर्षभर उशिरा आली. मार्चने त्याची टाच बिघडवली नव्हती, ती मी बिघडवली. चौकशी झाली नाही, कोणी मला जाबही विचारला नाही, कारण पट्टी काढणं ही कोणाच्या लेखी चूक नसतेच.

या वेळी इस्पितळात माझ्या गुडघ्याची पट्टी काढली ती घाईत. वॉर्ड भरलेला, एक माणूस, वीस ड्रेसिंगं. मला राग आला, आणि राग येता येता ती टाच आठवली. दुसऱ्या दिवशी एक जुने सुभेदारसाहेब, नर्सिंग असिस्टंट म्हणून तीस वर्षं काढलेले, उरलेल्या पट्ट्या काढायला आले. त्यांनी कडेला तेल लावलं, पाच मिनिटं थांबले, मग एका हाताने कातडी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने पट्टी तिच्याच अंगावर दुमडत दुमडत सोडवली. मला सरसरसुद्धा जाणवलं नाही. म्हणाले, "साहेब, पट्टी कातडीपासून नाही काढायची. कातडी पट्टीपासून सोडवायची." एवढं सांगून पुढच्या खाटेकडे गेले.

आपण काय करायचं

इतिहास बाजूला ठेवून आता कामाचं. घरी म्हातारे आईवडील असतील तर हे जास्त लक्षात ठेवा, कारण वयाने कातडी पातळ होते आणि पट्टीबरोबर सोलून येते.

काढताना: कोमट पाण्याने भिजवा किंवा कडेला खोबरेल लावून थोडं थांबा. उघड्या जखमेत तेल जाऊ देऊ नका. केसांच्या दिशेने, हळू, कातडीला समांतर. सरळ वर ओढू नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांना हात लावू नका. गॅरेजमधली सवय अंगावर चालत नाही.

काढल्यावर: साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने राहिलेला गोंद धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका. गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती कापड दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. कातडी अखंड असेल तर साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल. खाज जास्त असेल तर कॅलामाइन. त्या जागेवर लगेच दुसरी चिकटपट्टी लावू नका, तिला हवा लागू द्या.

लाली पट्टीखालीच असेल आणि एक-दोन दिवसांत उतरली, तर ती घाम आणि ओढाताणीची चिडचिड. पण दोन-तीन दिवसांनी खाज वाढली, पाणीदार फोड आले, पुरळ पट्टीच्या कडेबाहेर पसरलं, तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा. ते थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड मलम देतील. केमिस्टकडून 'एकात तीन' छापाची मलमं स्वतः घेऊन लावू नका. त्यातलं जहाल स्टिरॉइड कातडी आणखी पातळ करतं. खाजेच्या गोळीने झोप येते, तेव्हा गोळी घेऊन गाडी चालवू नका आणि हत्याराच्या ड्यूटीवर जाऊ नका. पू, ताप, पसरणारी लाली दिसली तर वाट पाहू नका. चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर तडक इस्पितळ.

हळद, लिंबू, टूथपेस्ट नको. आणि हो, कावसजीची गोष्ट वाचून कोणी कात लावू नका. तो त्याच्या काळाचा आणि त्या हाताचा उपाय होता.

पुढच्या वेळी: एकदा ॲलर्जी झाली की ती शरीर विसरत नाही. आपल्या वैद्यकीय कागदांवर ती लिहून घ्या आणि ड्रेसिंगच्या आधी सांगा. कागदी पट्टी आहे, सिलिकॉनच्या गोंदाची अलगद निघणारी पट्टी आहे, आणि काहीच नसेल तर साधं रोलर बँडेज आहे, ज्याला गोंदच लागत नाही. सुश्रुताचे चौदाच्या चौदा प्रकार बिनगोंदाचे होते.

शेवटचं

त्या पत्रात इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. कावसजीचं आहे. चित्रकाराचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्याने नाक बसवलं त्याची फक्त जात लिहिलेली आहे. पुण्याला एनडीएची तीन वर्षं काढली, शनिवारवाडा दहा वेळा पाहिला, पण या गावाच्या आसपास कुठेतरी एका कुंभाराने काताच्या पट्ट्या चार दिवसांनी सावकाश सोडवल्या होत्या, हे मला कळायला बंगळूरला येऊन गुडघा मोडून घ्यावा लागला.

मागच्या आठवड्यात त्या साताऱ्याच्या जवानाला फोन केला. आता हवालदार होऊन निवृत्त झालाय, गावी दुधाचा धंदा आहे. इकडचं-तिकडचं झाल्यावर मी टाचेचा विषय काढला आणि जे म्हणायचं होतं ते म्हणालो. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "साहेब, ते कवाच बरं झालं. तुमचा गुडघा कसा हाय?"

गुडघा बरा आहे. चौकोनही आता फिकट झालाय. पुढच्या महिन्यात काठी सुटेल. युनिटमध्ये परतल्यावर पहिलं काम ठरलंय: एमआय रूममध्ये पट्टीच्या रिळाशेजारी तेलाची एक बाटली ठेवायची, आणि नवीन अधिकाऱ्यांच्या पहिल्या मार्चआधी ही टाचेची गोष्ट स्वतः सांगायची.